करंगळी

पोतं आलं की आधी डावी करंगळी पुढे करायची,
हे तात्यांनी शिकवलं.
चमचाभर पूड, कोमट पाणी, लिंबाचे चार थेंब,
नखावर आणि पहिल्या पेरावर लेप,
मग वीस मिनिटं गल्ल्याला हात लावायचा नाही.
हिरवीगार दिसली तर परत पाठव, म्हणायचे.
खरी मेंदी दिसायला मळकीच,
पोस्टमनच्या जुन्या गणवेशासारखी.
रंग तिच्या पोटात असतो.

ठाकुरद्वारला आमचं काष्ठौषधींचं दुकान.
दीडशे डबे, एक तराजू,
आणि एक पंखा, जो शिकेकाई चाळताना
बंद ठेवावा लागतो.

दुपारी एक मुलगी येते. संध्याकाळी साखरपुडा.
काळी द्या, पंधरा मिनिटांत चढणारी.
मी म्हणते, ती मेंदी नव्हे गं, कातडी उलते त्यानं.
ती समोरच्या दुकानात जाते.
जाऊ दे.

घोडेवाला अर्धा किलो नेतो
पांढऱ्या घोडीच्या शेपटीला.
उधारी तुळशीच्या लग्नानंतर, हा त्याचा शब्द.
आजवर बुडवला नाही.

आणि सत्तारभाई.
डोंगरीच्या बेकरीत सत्तावीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभे.
तळवे पेटायचे त्यांचे.
रात्री लेप थापून वर दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधून झोपायचे.
"पाँव ठंडा तो दिमाग ठंडा," म्हणायचे,
आणि सुटे पैसे मोजून द्यायचे, पिठाचा वास असलेले.
एकदा पायरीवर चपलेतला खडा काढताना
मी ते तळवे पाहिले.
आमच्या पेठेतल्या कुठल्याही नवरीचे
इतके रंगलेले पाहिले नाहीत.
परवा भट्टी विजेची झाली,
सत्तारभाईंना टोस्टच्या पुड्या बांधायला बसवलं.
तरी आले. शंभर ग्रॅम.
आता कशाला, मी विचारलं.
त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला, लाजल्यासारखे हसले.
मेंदी पाच फूट वर चढली होती.

हे तात्यांना सांगायचं राहिलं.

त्या मंगळवारी पोतं आलं सोजतहून,
मी करंगळीला लेप लावला
आणि बारा मिनिटं झाली असतील,
इस्पितळातून फोन.
कुलूप एका हातानं लावलं.

घरी माणसं जमली होती.
मी तुळशीचं पान त्यांच्या ओठांवर ठेवलं
तेव्हा विमलआत्या कुजबुजली,
अगं, करंगळी! आज तरी...
आणि माझा पदर माझ्याच बोटाभोवती गुंडाळला.
मोरीत जाऊन घासली.
साबण, मग राख, मग खोबरेल, मग पुन्हा साबण.
घासताना ठाऊक होतं,
धुण्यानं तो जात नाही,
धुतल्यावर तर चढायला लागतो.

बुधवारी केशरीची विटकरी झाली.
येणारे हात हातात घेत होते,
मी उजवाच पुढे करत होते.

गुरुवारी बाणगंगेवर
अस्थींचा कलश दोन्ही हातांनी धरावा लागला.
गुरुजींनी पाहिलं, मंत्र चुकले नाहीत.
पाणी पेरावरून ओघळलं,
आणि बोट त्या पाण्यात
जांभळाच्या सालीसारखं गडद दिसलं.
माझ्या मनात तेव्हा काय यावं?
रडू नाही, नाव नाही.
माल चांगला आहे, एवढंच.
आणि लगेच, त्यांच्याच आवाजात,
उन्हात नको ठेवू पोतं.

संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन.
त्याला काही कळलेलं नव्हतं.
ठेवताय, की परत पाठवताय?
मी पदर सोडला,
दिव्याजवळ बोट नेऊन एकदा नीट पाहिलं.
ठेवते, म्हटलं.